उंबऱ्यावर थांबायची रीत

आक्का, तुमी पडून गेल्या न्हाई. हे आधी सांगून टाकते, काहून की मातीला आलेला दर माणूस मला हेच विचारून गेला. "पडल्या काय?" तुमची सेनगावची मावसबहीण तर जीपमधून उतरता उतरताच म्हणली, "टोंगळ्यापायी घसरली असंल नं माय?" मी म्हणलं, न्हाई. पलंगाच्या काठावर बसून डाळ निवडून राहिल्या होत्या. "सुमन, छातीत कसंतरी होऊन राहिलं," एवढंच म्हणल्या. सूप मांडीवर जसंच्या तसं, दाणा सांडला न्हाई. हिंगोलीच्या वाटंवर जीपमध्येच गेल्या. तरी बाया एकमेकीच्या कानात सांगून राहिल्या होत्या, टोंगळ्याच्या वाट्या लई झिजल्या होत्या, पडलीच असंल. जन्मभर जी बाई कोणाच्या देखत एकदा पडली न्हाई, तिला मेल्यावर लोकांनी पाडलं. मला असा राग आला, आक्का, की रडायचंच राहून गेलं.

आषाढात तुमी गेल्या, भादव्यात महालक्ष्म्या आल्या, काल त्यांना निरोप दिला. मधल्या ह्या दिवसांत माझा जीव एका जागी ठरला न्हाई. बसलं की उठावं वाटतं, उठलं की कुठं जावं ते कळत न्हाई. सैपाकघरातून अंगणात, अंगणातून परत आत, भिंत धरून धरून. सोनाली, तुमची सून, मला म्हणली, "काकू, डॉक्टरनं सांगितलं त्याच्यापेक्षा जास्त चालून राहिल्या तुमी." त्या लेकराला काय सांगू. मी चालत नव्हते, तुमच्याशी भांडून राहिले होते.

कोणतं भांडण ते तुमाला ठावं हाय. आपल्या घरात थोरली महालक्ष्मी थोरल्या सुनंनं आणायची, म्हंजे तुमी, अन् धाकटी धाकट्या सुनंनं, म्हंजे मी. पितळी मुखवटा दोन्ही हातांत धरायचा, तुळशीपासून निघायचं, हळदीकुंकवाच्या पावलांवर पाय देत तीन उंबरे ओलांडायचे अन् आतल्या घरात नेऊन कोठीवर बसवायचा. दोन्ही हात देवीला. भिंतीला एकही न्हाई. मुखवटा हातातून सुटला तर त्या घरात वर्षभर काय काय होतं, त्याच्या गोष्टी आपण सासूबाईच्या तोंडून इतक्या ऐकल्या होत्या की तुमच्यासारखीचंही नख पितळात रुतायचं.

गेल्या साली मी न्हाई म्हणलं. जवळा बाजारच्या स्टँडवर एसटीतून उतरताना मी पडले, त्याच्यानंतरच्या त्या महालक्ष्म्या. हाड मोडलं न्हाई. टोंगळा सुजला, तो उतरला. भेव उतरलं न्हाई. पायरी दिसली की मी आधी धरायला भिंत शोधायचे. मी तुमाला सैपाकघरात गाठून सांगितलं, आक्का, माझ्याच्यानं होत न्हाई, सोनालीला सांगा. तुमी थोरली आणून बसवली, परत तुळशीपाशी आल्या, अन् धाकटीही तुमीच आणली. कोणाला बोलू दिलं न्हाई. मंग पोळ्या लाटता लाटता मान वर न करता म्हणल्या, "पुढच्या साली तुझी तूच आणशील." मी म्हणलं, न्हाई आणणार. "आणशील." "न्हाई." एवढ्यावर ते राहिलं. पुढची साल यायच्या आत तुमी उठून गेल्या. भांडण अर्ध्यावर सोडून उठायची तुमची जुनीच खोड.

खरं सांगू, मला तुमचा हेवा वाटायचा. टोंगळे काय तुमचे निराळे होते? हिंगोलीच्या डॉक्टरनं दोघींचे फोटो उजेडावर शेजारी शेजारी लावले होते. म्हणला, दोघी सख्ख्या बहिणी का? तुमी म्हणल्या, जावा हावोत, पण एकाच घरचं पाणी भरलं, एकाच वावरात निंदलं. तो हसला अन् म्हणला, म्हणूनच झीज सारखी दिसते, कोणता फोटो कोणाचा ते नाव वाचल्याबिगर सांगता येणार नाही. तेव्हापासून मला तेच कोडं पडलं होतं. टोंगळे एका मापाचे अन् चालणं असं वेगळं काहून? तुमी बाजारात पुढं अन् मी भाजीवाल्याच्या गाड्याचा काठ धरून.

मंग त्यानं आपल्याला वरच्या मजल्यावर व्यायामवाल्या पोराकडं धाडलं. तो जिना चढतानाच मी अर्धी मेले होते. त्यानं आपल्याला बसवून विचारलं होतं, तोल जाणार न्हाई ह्याचा किती भरवसा वाटतो, शून्यापासून शंभरापर्यंत सांगा. पायरी उतरताना? तुमी म्हणल्या, शंभर. खाली पडलेली चप्पल वाकून उचलताना? शंभर. स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा डबा काढताना? तेव्हा तर तुमी त्याच्याकडं असं पाह्यलं, जसं काय त्यानं तुमचं वय विचारलं. शंभर. बाजारात कोणाचा धक्का लागला तर? "मला धक्का देणारा अजून जन्माला यायचा हाय, बाबा."

अन् मी? वीस. दहा. स्टुलाचं नावच काढू नका. शेवटाला त्यानं विचारलं, नुसतं उभं राहताना किती? मी म्हणलं, "जवळ भिंत हाय का?" तो पोरगा हसला, तुमी हसल्या, बाकावरचे पेशंट हसले. मलाही हसू आलं, पण लाजही लई वाटली.

त्यानं मंग समजावून सांगितलं. म्हणला, मावशी, तुमचे गुडघे यांच्याइतकेच आहेत, पण तुमचा भरवसा गेला आहे. भीतीनं तुम्ही चालणं कमी करता, चालणं कमी झालं की मांडीतला जोर जातो, जोर गेला की खरंच तोल जातो, मग भीती अजून वाढते. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, ओट्याला धरून एका पायावर उभं राहायचं, मग एक एक बोट सोडत जायचं. भरवशालाही व्यायाम लागतो, असं म्हणला. येताना जीपमध्ये तुमी सगळ्यांदेखत मला नाव ठेवलं, भित्री भागूबाई. ते नाव तुमी मरेपर्यंत सोडलं न्हाई. सैपाकघरात ओट्यापाशी मी बगळ्यासारखी एका पायावर उभी राहिले की तुमी पोळी उलथता उलथता विचारायच्या, "भागूबाई, मासा दिसला का?" मला हसू यायचं अन् पाय खाली टेकायचा.

काठीवरून आपलं किती वाजलं, आठवतं? त्या पोरानं दोघींना काठी घ्या म्हणलं होतं. मी घेतली. तुमी न्हाई. म्हणल्या, "काठी दिसली की लोक वाट सोडतेत, अन् वाट सोडली की विचारतेत, कसं काय बाई." मी म्हणलं, विचारू द्या की, तोंड दुखतं का त्यांचं? तुमी म्हणल्या, "त्यांचं न्हाई दुखत, माझं दुखतं." तरी बाजारला जाताना तुमी मला काठी घेऊ द्यायच्या न्हाई. "मी हाय नं," म्हणायच्या. पिशवी एका हातात, अन् दुसरा हात माझ्या खांद्यावर. कांद्याच्या ढिगापासून कापडाच्या दुकानापर्यंत, तिथून चपलांपाशी, तिथून एसटीपर्यंत तुमचा तो जड हात माझ्या खांद्यावर असायचा. घरी आलं की खांदा दुखायचा. मी कधी बोलले न्हाई. मला वाटायचं, माझ्यापायी बिचाऱ्या हात आखडून चालतेत, त्यात मी तक्रार कशी करू.

आता रहीमभाईचं सांगते.

तुमचं तेरावं झालं, श्रावण सरत आला, अन् घरात प्रश्न निघाला की ह्या साली महालक्ष्म्या बसवायच्या का. शेजारच्या बायांनी सांगितलं, वर्षाच्या आत न्हाई बसवत. भासरे, तुमचे मालक, कधी न्हाई ते मधी बोलले. खाटंवर बसून जमिनीकडं पाहत म्हणले, "लेकी हायेत त्या. माहेरी येणाऱ्या लेकीला दार लावायचं न्हाई. साधं करा, पण करा." मंग खाकरून म्हणले, "थोरली कोण आणंल?" तुमच्यामागं ह्या घरात थोरली सून मीच. त्यांनीच मंग वाट काढून दिली. "सुमनला जमत नसंल तर दोन्ही सोनाली आणंल. देवीला काय, हात पाह्यजे." मला पळवाट सापडली होती, आक्का. मी व्हय म्हणायला तोंड उघडलं अन् तोंडातून निघालं, पाहू.

भिंतींना मधी किती सालं रंग झाला नव्हता. म्हणून रहीमभाईला बोलावलं. आपल्याच गल्लीचे, त्यांच्या बापानंही आपल्या घराला रंग दिला होता. त्यांनी भिंत घासायला घेतली अन् मला हाक मारली. "भाभी, इधर आओ जरा. हे खालचे दाग तुमचे, बराबर. मैं तो तुमको रोज देखता, भिंत धरूनच चालतेत. पण हे वरचे कोणाचे?"

मी पाह्यलं. मधल्या दाराच्या चौकटीपाशी माझे हात होते, तेलकट काळपट, माझ्या छातीएवढ्या उंचीवर. अन् त्याच्यावर, चांगले वीतभर वर, दुसरे. तसेच काळपट. बोटं लांब. मी म्हणलं, पोरांचे असतील. रहीमभाई म्हणले, पोरं सारखी एकाच जागी हात ठेवतेत का? मंग आमी दोघं घरभर हिंडलो. न्हाणीच्या दारात वरचे दाग. सैपाकघरातून वळतो तिथं वरचे दाग. तुळशीपाशी खांबावर, पलंगाच्या वर, तिन्ही उंबऱ्यांच्या बाजूला. जिथं जिथं माझा हात, तिथं तिथं वर एक हात. मी चवडे उंच करून हात तिथं लावून पाह्यला. पोचला, पण त्या उंचीवर मला भार देता येईना. ह्या घरात उंचीनं भासऱ्यांच्या कानाला लागणारी एकच बाई होती. मी भिंतीला नाक लावलं. रहीमभाईंनी दुसरीकडं पाह्यलं. टोंगळ्याला चोळायच्या ओव्याच्या तेलाचा वास होता तो. दोघी एकाच वाटीतून लावायचो, पण वरच्या डागाला तो वास तुमच्याच बोटांनी आला असंल.

शंभर म्हणल्या होत्या तुमी. त्या पोराच्या तोंडावर, माझ्या शेजारी बसून, शंभर, शंभर, शंभर.

मला आधी काय वाटलं सांगू? तुमच्या फोटोपाशी जाऊन चांगलं खडसावावं. भित्री भागूबाई कोण? मला नाव ठेवताना तुमच्या जिभेला हाड नव्हतं, अन् मी पाठ फिरवली की तुमीही भिंत धरत होत्या. अंगणात जाताना "तू हो पुढं" म्हणून तुमी पदर नीट करत मागं राहायच्या. न्हाणीतून हाक मारली की "येऊन राहिले, येऊन राहिले" म्हणत इतका वेळ लावायच्या. मला वाटायचं, थोरलेपणाचा तोरा. तो तोरा नव्हता. मी नजरंआड व्हायची वाट पाहून राहिल्या होत्या तुमी.

अन् उंबऱ्यावर थांबणं. सासूबाईच्या काळी महालक्ष्मी सरळ आत जायची, ताटली वाजवत, कुठं न थांबता. तुमच्या हाती आल्यावर थोड्या सालांनी तुमी प्रत्येक उंबऱ्यावर थांबायला लागल्या. आत उभ्या असलेल्या बायांना विचारायच्या, "महालक्ष्मी आली, काय घेऊन आली?" त्यांनी म्हणायचं, दूधदुभतं. तुमी परत विचारायच्या, अजून काय? लेकरंबाळं. अजून काय? पीकपाणी. डोळे मिटून, चौकटीला खांदा टेकवून असं विचारायच्या की बायांच्या अंगावर काटा यायचा. म्हणायच्या, ह्या घरात देवी खरंच येते. सोनालीनं तर तिच्या माहेरी सांगितलं की आमच्या सासरी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत हाय, दर उंबऱ्याला देवीला विचारतेत. आता तिचं माहेरही थांबतं. एका घरचे टोंगळे दुखले अन् दोन गावांच्या महालक्ष्म्या उंबऱ्यावर उभ्या राहिल्या, आक्का. तुमी दम खात होत्या.

मला हसू आलं. मंग जे रडू आलं ते तुमच्या मातीच्या दिवसापासूनचं साचलेलं होतं. रहीमभाईंनी बादली खाली ठेवली अन् अंगणात जाऊन बसले. परत आल्यावर विचारलं, "भाभी, हे राहू देऊ का?" मी म्हणलं, न्हाई, रंग द्या, महालक्ष्म्या हायेत. त्यांनी दोनदा हात दिला तेव्हा कुठं ते गेले.

पण मला झोप लागंना का घास जाईना. सांगितलं काहून न्हाई? मी कोण परकी होते? दोघी मिळून भेलो असतो की. ओट्यापाशी दोघी एका पायावर उभ्या राहिलो असतो अन् दोघी हसलो असतो. मला वाटायचं, अख्ख्या घरात मी एकटीच अशी. त्याची तकलीफ टोंगळ्यापेक्षा जास्त होती, आक्का, हे तुमाला कधी कळलं का? कधी वाटतं, तुमी बराबर केलं. तुमी बसल्या असत्या तर मी अंथरूणच धरलं असतं. कधी वाटतं, न्हाई, हे खोटं होतं अन् खोटं ते खोटं. आजही माझा निकाल लागला न्हाई. तुमी असत्या तर भांडून काढला असता.

एक मात्र भाजी निवडता निवडता अचानक ध्यानात आलं. बाजारातला तो हात. एसटीपर्यंत माझ्या खांद्यावर पडलेला तुमचा हात. इतका जड. आधार देणाऱ्याचा हात असा जड असतो का कधी? धरणाऱ्याचा असतो. तुमी मला सांभाळत नव्हत्या. बाजारात भिंत नव्हती म्हणून तुमी मला धरलं होतं. अन् मी, जी नुसतं उभं राहायला भिंत मागत होते, तुमच्याएवढ्या दांडग्या बाईचा भार घेऊन गर्दीतून, चिखलातून, हातगाड्यांमधून चालले, अन् दोघींतली एकही पडली न्हाई. हातातली मेथी तशीच राहिली. मी उठले, ओट्याला हात न लावता. उठल्यावर कळलं की हात लावला न्हाई.

भासऱ्यांना जाऊन सांगितलं, थोरली मी आणीन. त्यांनी मान हलवली. तुमचं नाव त्यांनी घेतलं न्हाई, मीही घेतलं न्हाई.

त्या दिवशी तुळशीपाशी मुखवटा हातात घेतला तेव्हा भेव गेलं नव्हतंच. खोटं कशाला बोलू. पितळ गार होतं. मागं सोनाली धाकटी घेऊन, आत बाया, कोणी ताटली वाजवून राहिली. नव्या भिंती इतक्या स्वच्छ की कुठं हात ठेवायचा ते डोळ्यालाही दिसंना. पहिल्या उंबऱ्याशी आले अन् टोंगळ्यातून कळ अशी निघाली की आता गेले. तिथं थांबले. चौकटीला खांदा टेकवला, तुमी टेकवायच्या तिथंच, फक्त वीतभर खाली. अन् डोळे मिटून विचारलं, "महालक्ष्मी आली, काय घेऊन आली?"

"दूधदुभतं," आतून बाया म्हणल्या. कळ थोडी बसली. अजून काय? लेकरंबाळं. अजून काय? पीकपाणी. कळ पुरती बसली न्हाई म्हणून मी चौथ्यांदा विचारलं. बाया घोटाळल्या. चौथं उत्तर कोणालाच ठावं नव्हतं. मंग आतून खाटंवरून भासऱ्यांचा आवाज आला, बारीक. "थोरलीचा आशीर्वाद." मी पाय उचलला अन् ओलांडला.

तिन्ही उंबरे झाले. मुखवटा कोठीवर बसला. मी मुखवट्यावरचा हात काढला अन् तशीच उभी राहिले, मधोमध, भिंतीपासून दूर, कशालाच न धरता. किती वेळ ते ठावं न्हाई. सोनाली धाकटी बसवून माझ्याजवळ आली. नाक लाल झालेलं. हळूच म्हणली, "काकू, आत्याबाई तीनदा विचारायच्या. तुमी चारदा काहून विचारलं?"

अगदी जिभेवर आलं होतं, आक्का. सगळं सांगावं वाटलं, रहीमभाई, वरचे दाग, शंभर, सगळं. मंग तिच्या तोंडाकडं पाह्यलं. तिचे टोंगळे अजून कोवळे हायेत. तिलाही कधीतरी थांबावं लागंल, अन् तेव्हा लाज न वाटता थांबायला तिला एक जागा पाह्यजे.

"थोरली गेलेल्या साली चारदा विचारायचं असतं," मी म्हणलं. "आपल्या घरची रीत हाय ती."